चौदा फुटी कॅराव्हॅन आणि आमची दोनदा उघडलेली भिंत

९ जून, दुपारचे चार. मृगाचा पहिला पाऊस. शेडच्या पत्र्यावर असा आवाज की शेजारचा काय बोलतोय ते कळेना, आणि आम्ही सगळे दारात उभे राहून बाहेर अंगणात मुद्दाम भिजत ठेवलेल्या कॅराव्हॅनकडे (मोटारीमागं ओढायची चाकांवरची खोली) कौतुकानं बघतोय. साडेचार महिन्यांचं काम. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाऊस थांबला, काकू चपला काढून आत गेल्या, पलंगाच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि म्हणाल्या, "अरे, हे ओलं कसं रे?"

तिथून पुढचे दोन महिने काय झालं ते सांगायचंय, पण त्याआधी मागचं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

माझं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पोच्या बॉड्या, गेट-ग्रिल, कधी यंत्रमागाचं काहीबाही वेल्डिंग, असं काम. कॅराव्हॅन आयुष्यात कधी उघडली नव्हती. ही कॅराव्हॅन सरांची आणि काकूंची. सरांनी मला नववीला सायन्स शिकवलंय, रिटायर झाल्यावर त्यांना आणि काकूंना पक्षी बघायचं वेड लागलं, नान्नजचा माळ, हिप्परगा तलाव, भिगवणचे फ्लेमिंगो, आणि दरवेळी लॉज शोधायचा कंटाळा. तर कुठूनतरी त्यांना कळलं की बोरामणीच्या पुढं एका शेतात कडुनिंबाखाली एक कॅराव्हॅन पडून आहे. रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या कामावर साइट इंजिनियरला राहायला आणलेली, काम संपल्यावर लिलावात शेतकऱ्यानं घेतली आणि त्यानं काय केलं तर तिची खोली केली. आत पोटॅशची पोती, वर कडबा. छत गळायला लागलं तेव्हा त्यावर डांबर ओतलं. ते गळायला लागलं तेव्हा डांबरावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर परत डांबर.

४५ हजाराला सौदा झाला. गड्डा (आमची जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा) संपल्यावर त्याच आठवड्यात क्रेननं उचलून आणली. चाकांवर ओढायची हिंमत नव्हती, टायरवर गोट्या अजून शाबूत दिसत होत्या पण बाजूला चार आकडी कोड होता २३११, म्हणजे २०११ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी बघून टायर घेणाऱ्यांनी हा कोड एकदा वाचत जावा.

आमच्याकडे वेल्डिंगला मामा आहेत, साठीचे, त्यांनी एक चक्कर मारली, पेचकस काढला, खिडकीखाली हळूच टोचला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. "काय बे, ह्यो डब्बा हाय का चाळण?" बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा बरा होता, एखाद-दुसरा पोचा सोडला तर. वरून कीर्तन, आतून तमाशा. पत्र्याच्या आत पाइनच्या दीड बाय एकच्या पट्ट्यांची चौकट असते आणि तिला आतून ३-४ मिमीचा प्लाय चिकटवलेला असतो, ती चौकट मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हातानं कुस्करली की तपकिरी भुगा. खालच्या पट्टीत वाळवी. मी सरांना १ लाख ६० हजाराचा अंदाज दिला. तो आकडा लक्षात ठेवा, पुढं हसायला येईल.

पहिली चूक माझी आणि ती दुसऱ्याच आठवड्यातली. ट्रॉलीवाल्या माणसाला सवय काय, लोखंडाचा सांगाडा आधी, पत्रा नंतर, पत्रा काढला तरी सांगाडा उभाच. त्याच हिशोबानं मी पोरांना सांगितलं की आतला सगळा प्लाय काढून टाका एकदम, कचरा तरी जाईल. त्यांनी दोन्ही बाजूचा अन् मागचा प्लाय एका दिवसात सोलून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार लागेना. मागच्या चौकटीचे कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा २२ मिमी जास्त, म्हणजे अख्खा डबा एका बाजूला कलंडलेला. सुतार अण्णा आले, बघून हसले. असल्या बॉडीत चौकट नुसती पत्रा अन् प्लाय धरून ठेवायला असते, काटकोन सांभाळायचं काम तो पातळ प्लायच करतो, तो काढला की काडेपेटीचं आतलं खोकं काढून बाहेरचं रिकामं कवच बाजूनं दाबल्यासारखं होतं. म्हणजे एका वेळी एकच भिंत उघडायची, आणि उघडायच्या आधी आत तिरक्या पट्ट्या ठोकून घ्यायच्या. आम्ही ट्रकचे रॅचेट पट्टे कर्णावर लावून दीड दिवस थोडं थोडं ओढत कर्ण सारखे केले आणि मग पट्ट्या ठोकल्या.

एक काम मात्र देवाच्या दयेनं नीट केलं होतं, काढलेला एकही तुकडा फेकला नव्हता. कुजलेल्या भिंतीचा अर्धा प्लाय का होईना, तो नव्या प्लायवर ठेवून खिडकीची, चाकाच्या कमानीची, वायरच्या भोकाची खूण करता येते. काकूंनी प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकले आणि वहीत चित्र काढलं. ती वही नसती तर मी आज पण शेडमध्येच बसलो असतो.

डांबराचं. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी ते च्युइंगमसारखं ओढलं जातं, खरवडलं की पसरतं, रॉकेलनं पुसलं की सगळीकडं काळं. पोरगं वैतागलं. मामांनी सांगितलं पहाटे या. सहा वाजता तेच डांबर कडक असतं, रुंद पटाशी आडवी धरून हातोडीनं टिचकी मारली की बशीएवढा तुकडा टणकन उडतो. अकरा दिवस आम्ही सहा ते साडेआठ डांबर उडवत होतो, मग चहा, मग बाकीचं काम. खाली पत्रा निघाला तो अपेक्षेपेक्षा चांगला, फक्त लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी अन् मोठी झालेली भोकं. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू आणि वर ओल, की दोन धातूंची बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. लोखंडी स्क्रूवर जस्त असतं ते आधी जातं, मग लोखंड गंजून फुगतं, भोक मोठं होतं, पाणी आत.

आता खालचं. चॅसिसचे दोन मुख्य चॅनेल ठीक होते, पण जिथं पोटॅशची पोती ठेवायचे त्याखालचे आडवे अँगल हातोडीचा घाव बसताच पापुद्र्यासारखे सुटले. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, हवेतली ओल ओढतो आणि लोखंड खातो. चार अँगल नवे टाकले, जस्ताचा प्रायमर, त्यावर काळा एनॅमल. बेरिंगचा खर्च मी फार धरला होता पण बाहेर काढून पुसल्यावर कडेवर नंबर छापलेला दिसला, तो घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्पेअरच्या दुकानात गेलो तर कपाटातून तशीच टेपर बेरिंग काढून दिली. परदेशी डिझाइन म्हणून घाबरायची गरज नसते, बेरिंग सगळीकडं नंबरनंच ओळखतात. टायर दोन नवे. नोंदणीचे कागद होते, १५ वर्षं भरत आलेली, नावावर करणं आणि नूतनीकरण हे सरांनी स्वतः उरकलं, खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्याच्या नसलेल्या गाड्यांच्या यादीत आहे हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. त्या खेट्यांबद्दल मी काही लिहित नाही, मी गेलोच नव्हतो.

फरशीच्या प्लायवरून थोडी भांडाभांडी झाली. दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ घ्या, सगळे हेच घेतात. वॉटरप्रूफ शब्दाला काही अर्थ नाही, शिक्का बघायचा. आयएस म्हणजे भारतीय मानक, त्यात आयएस ३०३ म्हणजे घरातल्या फर्निचरचा, आयएस ७१० म्हणजे मरीन, आणि मरीनच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. सरांचं म्हणणं, आपण पण उकळू. काकूंनी जुन्या पातेल्यात दोन्ही तुकडे टाकले आणि गॅसवर ठेवले, आठ तासांत स्वस्तातला तुकडा पानं सुटलेल्या वहीसारखा झाला. मरीन घेतला पण १८ ऐवजी १२ मिमी, आणि खालचे अँगल जवळजवळ टाकले, कारण १८ चा आठ बाय चारचा एक शीट ३५ किलोच्या पुढं जातो अन् १२ चा चोवीसच्या आसपास. ट्रॉलीत वजनाचा विचार मी कधी केला नव्हता, ट्रॉली जेवढी जड तेवढी भारी. इथं उलटं.

नवी चौकट पाइनचीच, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून वाळवलेली, त्यानं वाळवी अन् बुरशी दोन्ही लांब राहतात. फक्त एक आहे, ते मीठ पाण्यात विरघळतं, म्हणजे लाकूड परत परत भिजत राहिलं तर औषध धुऊन जातं. चौकटीच्या मध्ये थर्माकोल. ह्या थर्माकोलला एका पोरानं रबराचा सोल्युशन गम लावला, घरचा लॅमिनेट चिकटवायचा असतो तो, आणि दहा मिनिटांनी येऊन म्हणाला, "भाऊ, थर्माकोल गेला." गेला म्हणजे खरंच गेला, गमातल्या सॉल्व्हंटनं विरघळून नुसती चिकट जाळी उरली. मग पांढरा पाण्याचा गम आणला.

छताला काय लावायचं ह्यावर सरांनी मला परत नववीत बसवलं. मी म्हणत होतो एपॉक्सी पुटी, दगडासारखी होते. सरांनी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलनं लिहिलं, ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं, छत ४.२ मीटर, पहाटे पत्रा २२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ६७ धरला (आम्ही मोजला, तेवढाच होता) तर फरक ४५. गुणाकार ४.३ मिमी. "रोज सव्वाचार मिलीमीटर पुढं-मागं करणाऱ्या सांध्यात तू दगड भरणार?" मी गप्प. ब्यूटाइल टेप आणली, काळी, मऊ, कधीच कडक न होणारी, पट्टीखाली टेप, वरून स्टेनलेस स्क्रू, बाहेर आलेली टेप कापून कडेला पॉलियुरेथेनचा सीलंट. सिलिकॉन कुठंच नाही, कारण सिलिकॉन एकदा लावला की त्याचा तेलकट थर राहतो आणि नंतर त्यावर दुसरं काही धरत नाही, सिलिकॉन पण नीट धरत नाही.

हे सगळं मे अखेर झालं. मग आतला प्लाय, पॉलिश, पलंग, सोलापुरी चादरीच्या कापडाचे पडदे (काकूंचा हट्ट, आणि दिसले पण भारी). पाण्याची चाचणी आम्ही घेतली होती, घेतली नाही असं नाही. एक माणूस वर पाइप धरून उभा, एक आत टॉर्च घेऊन. वीस मिनिटं. कोरडं. इथं सोलापूरनं आम्हाला फसवलं असं मी म्हणतो, मामा म्हणतात मीच फसलो. जानेवारी ते मे आभाळातून थेंब नाही, जे केलं ते कोरडंच दिसणार, आणि आम्ही आतली भिंत बंद करून टाकली.

आणि मग ते ९ जून.

ओल मागच्या डाव्या कोपऱ्यात, पलंगाच्या उंचीला. वर दोन फुटांवर खिडकी. कोण पण म्हणेल खिडकी. खिडकी काढली, टेप बदलली, बसवली. पुढच्या पावसात परत ओल. परत काढली, ह्यावेळी चौकटच घासून घेतली. परत ओल, आणि आता नव्या प्लायवर चहाच्या डागासारखी कड उमटलेली. सर चिडत नाहीत, ते नुसते चष्मा पुसत राहतात, त्याचं जास्त वाटतं. शेवटी मीच पटाशी घेतली अन् स्वतः पॉलिश केलेली भिंत स्वतः उघडली. आतली पट्टी भिजलेली, पण खिडकीखालची नाही, तिच्या बाजूची. थर्माकोलच्या कडेनं वरपर्यंत ओल.

पाणी जिथं दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं, लाकडाच्या कडेनं नाहीतर वायरवरून वाट काढत येतं, हे घराच्या स्लॅबला आम्ही सगळेच बोलतो आणि तरी खिडकी दोनदा काढली.

मामांना आठवला लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर. कुंभार वेशीकडून एकाचा मागून आणला. दाराला प्लायचं फळकूट लावलं, त्याला भोक पाडून ब्लोअरचं तोंड आत, छताचा व्हेंट, सिंकचं भोक, खालचे गॅसचे झरोके, सगळं प्लास्टिक आणि टेपनं बंद. ब्लोअर चालू. पत्रा किंचित फुगल्यासारखा वाटला. बाहेरून पोरानं बादलीत साबणाचं पाणी करून ब्रशनं एकेक सांधा भिजवत नेला. छताचे सांधे, काही नाही. खिडक्या, काही नाही, इतक्या वेळा काढल्यावर कशाला असेल. कोपऱ्याची पट्टी, एका स्क्रूला दोन बुडबुडे. आणि मग अगदी वर, मागच्या डाव्या कोपऱ्यातला लाल मार्कर दिवा, रात्री गाडीची कड दाखवणारा. सुपारीच्या डबीएवढा. त्याच्या खालून फेस असा यायला लागला की पोरगं ओरडलंच, "भाऊ! उतू चाललंय!"

तो दिवा आम्ही काढलाच नव्हता. चालू होता म्हणून. बाकी सगळं खरवडून काढलं आणि हा पेटतोय म्हणून त्याला हात लावला नाही. काढल्यावर मागचं रबर बिस्किटासारखं मोडलं. त्यामागं वायरसाठी पत्र्यात अर्ध्या इंचाचं भोक आणि वायर तिथून सरळ खाली उतरलेली. म्हणजे पाऊस दिव्याच्या कडेनं आत, वायर धरून चार फूट खाली आणि पलंगापाशी थेंब. पाइपनं वरून पाणी मारलं तेव्हा ते छतावरून कडेच्या पट्टीनं खाली उडून जात होतं, दिव्यावर आडवं मारलंच नव्हतं. वाऱ्याचा पाऊस आडवा येतो.

असे पाच दिवे होते. पाचही काढले. नवे बसवताना मागं ब्यूटाइल, आणि वायर आत शिरल्यावर आधी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे चुकून थेंब आलाच तर झोळाच्या तळाशी पडेल, तिथं एक छोटी पन्हळ ठेवली बाहेर निघणारी. परत ब्लोअर. मग भिंत लगेच बंद केली नाही, जुलै अख्खा उघडी ठेवली, रोज सकाळी हात लावून बघायचो.

त्या रिकाम्या महिन्यात वजनाचं काम झालं, आणि बरं झालं. ओढून बघितली तेव्हा हैदराबाद रोडवर पन्नासच्या पुढं मागचा भाग शेपटी हलवल्यासारखा डोलायला लागला, सरांच्या हातात स्टिअरिंग, मी बाजूला, घशाला कोरड. वजनकाट्यावर पाणी भरून ९६० किलो. मग मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्याकडून ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा मागून आणला आणि फक्त पुढचं नाक त्यावर टेकवलं. ५८ किलो. सहा टक्के. नाकावर दहा ते पंधरा टक्के भार हवा, नाहीतर मागचा भाग पुढच्याला हलवतो. कारण शोधायला लागलं नाही, ६० लिटरची टाकी मी जागा मिळाली म्हणून ॲक्सलच्या मागं सव्वा मीटरवर, नेमकं सांगायचं तर १.२ वर बसवली होती. ती ॲक्सलच्या पुढं १ मीटरवर नेली. ॲक्सलपासून हुकपर्यंत ३ मीटर, टाकी सरकली २.२, म्हणजे ६० गुणिले २.२ भागिले ३, ४४ किलो नाकावर वाढायला हवेत असं सर म्हणाले. काट्यावर १०२ आलं. अडत्या उभा राहून बघत होता, म्हणाला एवढा बरोबर काटा आमच्या कांद्याला कधी लागत नाही.

वायरिंगचं फार सांगण्यासारखं नाही. १२ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी, तिच्याजवळच फ्यूज, लेड ॲसिड असल्यानं अर्धीच वापरायची म्हणजे हातात ६०० वॅट-तास, ३० वॅटचा पंखा रात्रीचे दहा तास धरला तरी ३०० जातात. गॅसचे झरोके जमिनीलगत, एलपीजी हवेपेक्षा जड असतो.

हिशोब. लाकूड-प्लाय ६२ हजार, पत्रा आणि टेप-सीलंट ३८, चॅसिस-बेरिंग-टायर ५४, वायरिंग-सोलर ४७, आतलं कापड-रंग २६, मजुरी ८४. एकूण ३ लाख ११ हजार, गाडीचे ४५ वेगळे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि माझा अंदाज होता १ लाख ६०. भिंत परत उघडायचे, प्लाय अन् पॉलिश दुसऱ्यांदा करायचे १९ हजार त्यातच आहेत. ते माझ्याकडून जायला हवे होते, मी तसं म्हणालो पण. सर म्हणाले निम्मे-निम्मे, चाचणी घेताना मी पण आत टॉर्च घेऊन उभा होतो. काकू म्हणाल्या निम्मे कशाला, पडद्याचं कापड त्याच्याकडून घेऊ. शेवटी निम्म्यावरच मिटलं आणि पडद्याचे पैसे मी घेतले नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गाडी गेली. सप्टेंबरात इथं खरा पाऊस असतो, हिप्परग्याच्या काठावर ते दोघं दोन रात्री राहिले, दोन्ही रात्री झोडपलं. सकाळी सरांचा फोन, कोपरा कोरडा, पण दुपारी ऊन पडलं की दार तीननंतर वरच्या बाजूला घासतंय. मला माहिती होतं. दाराभोवती फट मी ३ मिमी ठेवलीय आणि त्यांनीच शिकवलेल्या गुणाकारानं ती थोडी जास्त हवी होती. म्हणलं सर आणा, रंधा मारून देतो. म्हणाले, राहू दे, संध्याकाळी आपोआप उघडतं, तोवर आम्ही बाहेरच असतो.